पांढऱ्या मातीचे पाइप: पार्श्वभूमी

लंडनमध्ये ओहोटी लागली की थेम्सच्या काठावर पांढऱ्या नळ्यांचे तुकडे उघडे पडतात. हे जुने तंबाखूचे पाइप. आता ते उचलायलाही परवाना लागतो. ज्यांनी ते नदीत भिरकावले त्यांना हे ऐकून हसूच आलं असतं.

16व्या शतकाच्या उत्तरार्धात तंबाखू इंग्लंडात आला तेव्हा तो चैनीचा माल होता. त्यामुळे सुरुवातीच्या पाइपांची वाटी एवढीशी, चिमूटभर तंबाखू मावेल इतकीच. पुढे शेतात असे पाइप सापडले की लोक म्हणत, हे पऱ्यांचे. राजा पहिला जेम्स तंबाखूवर भलताच खवळलेला. 1604 मध्ये त्याने विरोधात पुस्तिका लिहिली आणि पौंडभर तंबाखूमागची 2 पेन्सची जकात 6 शिलिंग 10 पेन्सवर नेली. (त्याच सुमारास अकबराचा दूत असद बेग याने विजापुराहून तंबाखू त्याच्या दरबारात नेला, तिथे हकिमांनी नाकं मुरडली.) पण 1619 मध्ये याच जेम्सने पाइप बनवणाऱ्यांच्या संघाला सनद दिली. व्हर्जिनियाच्या मळ्यांतून माल येऊ लागला, भाव पडले आणि वाटी मोठी झाली.

पाइप घडवणं हा घरगुती आणि गरिबीतला धंदा. आपल्या शाडूसारखी पांढरी माती वळायची, ओल्या दांडीत तार सरकवून भोक पाडायचं, साच्यात दाबायचं. कडा साफ करायला बायकापोरं. माल स्वस्त आणि ठिसूळ, म्हणून तो पडेल तिथे तुटला आणि तिथेच राहिला. संशोधकांचं त्यामुळे फावलं. दांड्या लांबत गेल्या तशी भोकं बारीक होत गेली, साधारण साडेतीन मिलिमीटरवरून दीडपर्यंत. 1954 मध्ये पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी अमेरिकेतल्या उत्खननांतल्या दांड्या मोजून त्यावरून काळ ठरवण्याची रीत मांडली.

लांब दांडीचा पाइप निवांत बसणाऱ्याचा. हमालाला, खलाशाला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्याची दांडी आखूड आणि दातांत धरलेली. जुन्या दफनभूमींतल्या सांगाड्यांच्या दातांत त्या दांडीने झिजवलेली गोल खाच दिसते. माणसाचं नाव कुठेच नोंदलेलं नसतं, सवय मात्र हाडात उरते.

आयर्लंडमध्ये मयताच्या घरी रात्र जागवायला येणाऱ्यांसाठी असे पाइप तंबाखूसह ठेवत, त्यामुळे तिथे मागणी बराच काळ टिकली. रॉसकॉमन परगण्यातलं नॉकक्रॉगरी हे पाइपवाल्यांचं गाव. सिगारेटने धंदा आधीच पोखरला होता. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात, जून 1921 मध्ये, ब्रिटिश दलांनी गाव जाळलं आणि तिथला धंदा संपला.