रूट कॅनल धुण्याची द्रावणे

रूट कॅनल उपचार करताना दाताच्या मुळातील नलिकेतला कुजलेला मगज (दाताच्या आतला मऊ गाभा, बोलीत ‘नस’), जंतू आणि फाईल म्हणजे बारीक कानशीसारखे हत्यार चालवताना पडणारा भुसा विरघळवून किंवा वाहवून बाहेर काढण्यासाठी वापरली जाणारी रसायने. दंतवैद्यकात त्यांना धावनद्रावणे किंवा इरिगंट म्हणतात. सोडियम हायपोक्लोराइट, ईडीटीए आणि क्लोरहेक्झिडीन ही त्यांतली मुख्य. सलाईन जोडीला असतेच.

दाताची नस फाईलने काढली, अशी रुग्णाची समजूत असते. फाईल वाट रुंद करते हे खरे, पण स्वच्छतेचा मोठा भार द्रावणावरच असतो. मुळातली नलिका गोल, सरळ नसते. कुठे ती चपटी होते, कुठे तिला फाटे फुटतात, दोन नलिकांच्या मध्ये अरुंद फट राहते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्म-सीटी (दाताचे बारीक छेद दाखवणारे क्ष-किरण चित्रण) अभ्यासात वरच्या दाढांच्या नलिकांच्या भिंतींचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाईलने शिवलाच नव्हता. निरनिराळ्या पद्धतींच्या फाईल वापरूनही त्यात फरक पडला नाही. त्या भागापर्यंत पोहोचेल ते द्रावणच.

हायपोक्लोराइटचा वैद्यकीय वापर पहिल्या महायुद्धात रुजला. हेन्री डेकिन आणि अलेक्सिस कॅरेल यांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमा सुमारे ०.५ टक्के द्रावणाने धुतल्या. तेच रसायन पुढे दातात आले आणि आज ०.५ ते ६ टक्क्यांपर्यंत वापरले जाते. मृत ऊती विरघळवणे आणि जंतू मारणे ही दोन्ही कामे एकटा ‘हायपो’ करतो, म्हणून त्याची जागा अजून कोणी घेतलेली नाही. जंतूंचा नायनाट का महत्त्वाचा, हे १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने स्पष्ट झाले: जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा मगज उघडा पडूनही मेला नाही, उलट त्यावर नवे डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, धरले, साध्या उंदरांत मात्र तो सडला.

हायपोची मर्यादा अशी, की फाईलमुळे भिंतीवर बसणारा खनिजयुक्त लेप, म्हणजे स्मिअर लेयर, त्याने निघत नाही. त्यासाठी १७ टक्क्यांच्या आसपासचे ईडीटीए लागते. नायगार्ड-ओस्टबी यांनी ते १९५७ मध्ये या उपचारात आणले. ते कॅल्शियम बांधून घेते. शेवटी सुमारे मिनिटभर पुरते. दहा मिनिटे ठेवले तर डेंटिनच झिजते. क्लोरहेक्झिडीन २ टक्के वापरतात. त्याचा जंतुनाशक परिणाम डेंटिनवर बराच काळ टिकतो, पण ऊती विरघळवणे त्याला जमत नाही.

ही द्रावणे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. काचेच्या भांड्यात हायपोमध्ये क्लोरहेक्झिडीनचे थेंब सोडले की लगेच तपकिरी साका धरतो. तो नलिकेत बसला तर डेंटिनच्या सूक्ष्म नळ्या बुजतात आणि दाताला डाग पडू शकतो. ईडीटीए हायपोत मिसळले तर उपयुक्त क्लोरीन झपाट्याने घटते. म्हणून दोन द्रावणांच्या मध्ये सलाईन किंवा ऊर्ध्वपातित पाण्याने नलिका धुतात आणि कागदी पॉइंटने कोरडी करतात. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती गाळणे परवडत नाही.

हायपो मुळाच्या टोकाबाहेर गेला तर तत्काळ तीव्र वेदना होते, गाल सुजतो, त्वचेखाली रक्त उतरते. त्यामुळे बाजूने भोक असलेली बारीक सुई घेतात, ती नलिकेत अडकू देत नाहीत आणि दट्ट्या हळू दाबतात. रबर डॅम, म्हणजे दात तोंडापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, हवाच. बाहीवर उडालेला एक थेंबही कापडाचा रंग नेतो. तोंडातल्या नाजूक त्वचेचे काय होईल, हे त्यावरून कळावे.

मुंबईत १९३३ मध्ये स्थापन झालेले नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय ही दंतशिक्षणाची जुनी केंद्रे. एमडीएस या दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या तीन वर्षांत प्रबंध लिहावा लागतो आणि धावनद्रावणे हा त्यासाठी सोयीचा विषय ठरतो, कारण दात मिळतात: तारा बसवण्याआधी काढलेले उपदाढेचे दात नैतिक समितीच्या परवानगीने वापरता येतात. दाताचा वरचा, तोंडात दिसणारा भाग कापून मुळे सारख्या लांबीची करतात, निर्जंतुक करतात, त्यांत एन्टेरोकॉकस फिकॅलिस हा जंतू वाढवतात, प्रत्येक गट वेगळ्या द्रावणाने धुतात आणि उरलेल्या जंतूंच्या वसाहती मोजतात. स्मिअर लेयर पाहायचा असेल तर मूळ उभे चिरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

अशा निष्कर्षांकडे जपून पाहिले पाहिजे. एकाच जातीचा जंतू आणि कापलेले मूळ म्हणजे रुग्णाचा दात नव्हे. तिथे अनेक जातींचे जंतू एकत्र थर करून राहतात. शिवाय सुई किती खोल गेली, किती मिलिलिटर सोडले, किती वेळ ठेवले, अल्ट्रासोनिक टोकाने ढवळले का, हे बदलले की निकाल बदलतो. तापमानानेही निकाल बदलतो: ४५ अंश सेल्सिअसवर १ टक्का हायपो मगज विरघळवण्यात २० अंशांवरच्या ५.२५ टक्क्यांइतका प्रभावी ठरला आहे. वातानुकूलित प्रयोगशाळेतले आणि मे महिन्यात पंख्याखाली चालणाऱ्या दवाखान्यातले द्रावण म्हणून सारखे मानता येत नाही. त्यात उष्णतेने आणि उजेडाने हायपो साठवणीतच कमजोर होतो. गडद बाटली, घट्ट झाकण आणि थंड जागा या गोष्टी मुंबईच्या उन्हाळ्यात विशेष पाळाव्या लागतात. उघडून बरेच दिवस झालेल्या बाटलीवर ३ टक्के लिहिले असले तरी आत तेवढे असेलच असे नाही.

त्रिफळा आणि हिरव्या चहाचे अर्क भारतातल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा तपासले गेले आहेत. २०१० च्या एका अभ्यासात एन्टेरोकॉकस फिकॅलिसच्या थरावर त्यांचा चांगला परिणाम दिसला, तरी ५ टक्के हायपो सरस ठरला. एटिड्रोनेट या कॅल्शियम बांधणाऱ्या रसायनाकडेही आता संशोधकांचे लक्ष आहे. ईडीटीएपेक्षा सौम्य असल्याने ते हायपोत मिसळून थोडा वेळ वापरता येते, आणि नलिका घडवतानाच स्मिअर लेयर फारसा धरत नाही.