शरभाची आयाळ आणि ठशांची रांग

महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ हा काल्पनिक पशू कोरलेला दिसतो. देह सिंहाचा, तोंड भलतंच, कधी पंजाखाली एखादा हत्ती दाबलेला. दगडात केस कोरत बसणं परवडत नाही, म्हणून पाथरवट मोजक्या वळणांत आयाळ आटोपतो आणि तरीही ती आयाळच वाटते. हाच शरभ टॅब्लेटवर रंगवायला घेतला की मात्र उलटा प्रकार होतो. झूम २०० टक्के, ब्रश ३ पिक्सेलचा, आणि एकेक केस ओढायला सुरुवात. सहा तासांनी पडद्यावर जो प्राणी उरतो तो पावसात भिजलेल्या मांजरासारखा दिसतो. केस हजारो आहेत, पण फटकारा एकही नाही.

फटकारा म्हणजे कुंचला एका दमात फिरवल्यावर उमटलेली खूण. त्यात हाताचा वेग दिसतो, दाब दिसतो, कुठे रंग संपत आला तेही दिसतं. चिनी सुलेखनात कोरड्या कुंचल्याच्या रेघेत मधूनमधून कागद पांढरा राहतो, त्याला ‘फेबाई’ म्हणजे उडतं पांढरं असं खास नाव आहे. खऱ्या कुंचल्यात हा विस्कटलेपणा फुकट मिळतो, कारण केस वाकतात आणि रंग संपतो. सॉफ्टवेअरमध्ये रंग कधीच संपत नाही. तिथे काहीही आपोआप बिघडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर फोटोशॉप असो वा क्रिटा, नेहमीचा पिक्सेल ब्रश रेघ ओढत नाही, तो ठसे मारतो. ब्रशचं टोक हे एक छोटं चित्र असतं आणि पेन पुढे सरकेल तसं ते ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा छापलं जातं. या अंतराला स्पेसिंग म्हणतात. फोटोशॉपच्या साध्या गोल ब्रशला ते व्यासाच्या २५ टक्के असतं. म्हणजे १०० पिक्सेलचा ब्रश दर २५ पिक्सेलला एक ठसा मारतो आणि रेघेच्या मधोमध असलेल्या कुठल्याही बिंदूवर ४ ठसे एकमेकांवर पडतात.

हा आकडा लक्षात ठेवला की ‘फ्लो’ आणि ‘ओपॅसिटी’ यांतला घोळ सुटतो. फ्लो हा प्रत्येक ठशाचा दाटपणा, तर ओपॅसिटी ही अख्ख्या फटकाऱ्याची कमाल मर्यादा. फ्लो १० टक्के ठेवला तर पहिल्या ठशानंतर खालचा रंग ९० टक्के उरतो, दुसऱ्यानंतर ८१ टक्के. ४ ठसे पडले की सुमारे ३४ टक्के झाकलं जातं. आता फक्त स्पेसिंग ५ टक्क्यांवर आणा. एका बिंदूवर २० ठसे पडतात आणि झाकण ८८ टक्क्यांवर जातं. फ्लोला हातही लावलेला नाही, तरी झिरझिरीत ब्रश डांबरासारखा दाट झाला. दुसऱ्या कुणाचा ब्रश आणून त्याचं टोक किंवा स्पेसिंग बदललं की तो ‘बिघडतो’, त्याचं बहुतेक वेळा कारण हेच. दोष ब्रशचा नसतो. ओपॅसिटी ४० टक्के ठेवली असेल तर मात्र ठसे कितीही पडोत, पेन उचलेपर्यंत रंग ४० च्या वर जात नाही.

खरबरीत टोकाचा ब्रश घेतला की ठशांची रांग उघडी पडते. रेल्वेच्या स्लीपरसारख्या आडव्या पट्ट्या दिसू लागतात. यावर बरेच जण सगळे ‘जिटर’, म्हणजे प्रत्येक ठशात आपोआप फरक पाडणारे पर्याय, वर ढकलतात: कोन, आकार, विखुरणं, रंग, सगळंच. त्यातून पट्ट्या जातात, पण फटकाऱ्याची दिशाही जाते आणि मागे उरते ती घाण. त्यापेक्षा ठशाचा कोन हाताच्या दिशेला बांधावा. फोटोशॉपमध्ये कोनाच्या नियंत्रणात ‘डिरेक्शन’ आणि क्रिटात ‘ड्रॉइंग अँगल’ निवडला की टोक रस्त्याबरोबर वळतं. वर ३ ते ५ टक्के कोनाचा जिटर पुरतो. स्पेसिंग ८ ते १० टक्क्यांवर आणलं की रांग मिटते. त्याहून कमी केलं तर मोठ्या ब्रशला ठसे इतके मारावे लागतात की रेघ हातामागून रखडत येते, आणि रखडणाऱ्या रेघेत जोर उतरत नाही.

आता दाब. वॅकॉमसारख्या टॅब्लेटच्या पेनमध्ये बॅटरी नसते. टॅब्लेटच्या पृष्ठाखालच्या तारा विद्युतचुंबकीय लहरी सोडतात, त्यांनी पेनमधली वेटोळी चेतते आणि उलट सिग्नल देते, त्यावरून जागा आणि दाब कळतो. खोक्यावर ‘८१९२ पातळ्या’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ८१९२ म्हणजे २ चा तेरावा घात, बाकी त्यात जादू नाही. हाताला इतक्या पायऱ्या वेगवेगळ्या जाणवतच नाहीत. एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की वजनातला फरक आपल्याला प्रमाणात कळतो: हलक्या वजनात थोडी भर लगेच जाणवते, जड वजनात तेवढीच भर कळत नाही. म्हणून पेन दाबून दाबून चालवणाऱ्याच्या रेघा सगळ्या एकाच जाडीच्या येतात. पातळ्या पुष्कळ आहेत, पण तो वरच्या टोकाला अडकलेला असतो. उपाय म्हणजे दाबाचा वक्र, म्हणजे किती दाबाला किती जाडी हे ठरवणारा सेटिंगमधला आलेख. हात जड असेल तर वक्र मधोमध खाली झुकवावा, म्हणजे मध्यम दाबाला रेघ बारीक राहते आणि पूर्ण जाडी शेवटी येते. हात हलका असेल तर वक्र वर फुगवावा. दहा मिनिटांचं हे काम आहे आणि नव्या टॅब्लेटवर पैसे घालण्याआधी ते करून पाहावं.

दाबाला आकार आणि ओपॅसिटी दोन्ही बांधू नयेत. बांधले की प्रत्येक फटकारा टोकाला बारीकही होतो आणि फिकाही, आणि चित्रभर उंदराच्या शेपट्या पसरतात. लोमश प्राण्यासाठी दाब फक्त आकाराला द्यावा, किमान आकार ३० टक्के, ओपॅसिटी १०० वर स्थिर. रंगाची पातळी दाबाने नाही, रंग निवडून बदलावी. सुरुवातीला हे उर्मट वाटतं, पण यात प्रत्येक फटकारा ठाम निर्णय होतो.

शरभाची आयाळ या हिशेबाने पाहू. कॅनव्हास ए-४ आकाराचा, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. त्यात डोकं साधारण ९०० पिक्सेल उंच. पहिला ब्रश १८० चा, चपट्या टोकाचा. यात केस नाहीतच, फक्त आयाळीचे मोठे झुबके, ९ ते १२. प्रत्येक झुबक्याला दोनच छटा, उजेडाची आणि सावलीची. या टप्प्यावर चित्र अंगठ्याएवढं करून पाहिलं तरी आयाळ वाटली पाहिजे. वाटत नसेल तर पुढे जाऊ नये, बारीक ब्रश ते दुरुस्त करू शकत नाही. दुसरा ब्रश ६० ते ७० चा. मोठ्या झुबक्यांच्या कडांवर ३० एक लहान बटा, बहुतेक उजेड आणि सावली भेटतात त्या पट्ट्यात. शेवटचा ब्रश ८ ते १२ चा, आणि त्याने फार तर १५-२० केस, तेही झुबक्याची टोकं पार्श्वभूमीवर जातात तिथे. इथे हात सोडवत नाही, हे खरं. मोजून थांबावं.

फटकारे कुठल्या दिशेने मारायचे, हे आधी ठरवावं लागतं. वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या पारदर्शक थरावर, लाल रंगात २०-२५ बाण काढावेत. नाकाडापासून केस मागे वाहतात, कपाळावरून वर चढतात, मानेवरून खांद्याकडे उतरतात, आणि छातीवर दोन बाजूंचे प्रवाह भेटतात तिथे शिवण पडते, कुत्र्याच्या छातीवर दिसते तशी. दिशेला इतकं महत्त्व का, याचं उत्तर मेंदूत आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरांच्या दृष्टी-प्रांतात अशा पेशी शोधल्या ज्या ठरावीक कोनातल्या कडेलाच प्रतिसाद देतात. एक पेशी उभ्या रेघेला, दुसरी तिरक्या. १९८१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. डोळा केस मोजत नाही, तो आधी कोन वाचतो. खांद्याच्या गोलाईवरून वळणारे सहा रुंद फटकारे त्याला गोलाई सांगतात. उलट दिशेला मारलेले सहाशे केस त्याला गोंधळात पाडतात.

चमक हा आणखी एक फसण्याचा प्रांत. चेंडूवर चमकेचा ठिपका पडतो, म्हणून लोक आयाळीवरही पांढरा ठिपका ठेवतात आणि ती प्लास्टिकची होते. केस ही बारीक नळी. नळ्यांच्या जुडीवर ठिपका पडत नाही, केसांना आडवा जाणारा उजेडाचा पट्टा पडतो. तेल लावून विंचरलेल्या केसांवर तो कुठल्याही आरशात दिसेल. जेम्स काजिया आणि टिमोथी के यांनी १९८९ मध्ये संगणकाने फर रंगवण्यासाठी हेच गणितात बसवलं. हाताने करताना पट्टा आडवा असला तरी फटकारे केसांच्याच दिशेने, आखूड, वर-खाली टोकं असमान. आणि पट्टा प्रत्येक झुबक्यावर तुटायला हवा, नाहीतर डोक्याला रिबीन बांधल्यासारखं दिसतं.

शरभाच्या पोटावर किंवा पायांवर कुणी खवले देतात. तिथे एकच नियम पुरेसा आहे: उजेड आणि सावलीच्या सीमेवर खवले काढा, बाकी सोडून द्या. तिरपा प्रकाश पडतो तिथेच प्रत्येक उंचवट्याची सावली दिसते. समोरून प्रकाश असला की पोत सपाट होतो, गडद सावलीत तो बुडतो. संध्याकाळच्या उन्हात डांबरी रस्ता खडबडीत दिसतो, तसंच.

कडांचा विचार मात्र निवांत करावा, कारण फटकाऱ्याचा बोलकेपणा मुख्यतः तिथेच असतो. आपली तीक्ष्ण नजर फार चिमुकली आहे. हात लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी साधारण २ अंश भरते, आणि लख्ख दिसतं ते जवळपास तेवढंच. बाकीचं डोळा धावतपळत भरून काढतो. चित्रातली प्रत्येक कड सारखीच धारदार असेल तर नजरेला थांबायला जागा नाही. शरभाचा डोळा आणि जबडा इथे दोन-तीन धारदार कडा ठेवाव्यात, पाठीची कड अंधारात विरघळू द्यावी, शेपटी तर जवळजवळ हरवली तरी चालते. विरघळवण्यासाठी ब्लर वापरला की कड सगळीकडून सारखीच मऊ होते, कापसासारखी. त्याऐवजी दोन्ही बाजूंच्या मधली छटा निवडून कडेवर आडवा एकच रुंद फटकारा मारावा. स्मज, म्हणजे रंग बोटाने फासल्यासारखा ओढणारा ब्रश, वापरायचाच तर कडेच्या बाजूने नाही, कडेच्या आरपार, दोन-तीनदा. रिकाम्या लेयरवर स्मज चालत नाही ही तक्रार नेहमीची: ब्रश खालचा रंग न उचलता पारदर्शकता उचलतो आणि फटकारा फिका पडतो. ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ सारखा पर्याय चालू करावा, किंवा डोकं आणि आयाळ एकाच लेयरवर आणावी. दुसरा मार्ग जास्त बरा, मागे फिरण्याची वाट बंद झाली की हात ठाम होतो.

मधली छटा निवडताना संगणकावर विसंबू नये. मऊ ब्रशने शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा मिसळला तर बहुतेक प्रोग्रॅम लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ मधल्या आकड्यांची सरळ सरासरी काढतात: १२८, १२८, ०, म्हणजे मळका शेवाळी. खऱ्या प्रकाशाची सरासरी काढली तर १८८, १८८, ० असा उजळ पिवळा येतो, कारण पडद्याचे आकडे आणि प्रकाशाचं प्रमाण सरळ रेषेत नसतं; आकडा १२८ म्हणजे पूर्ण प्रकाशाच्या फक्त २२ टक्क्यांच्या आसपास. निळा आणि पिवळा मिसळला तर हिरव्याऐवजी राखाडी मिळतो. खऱ्या रंगद्रव्यांचं मिश्रण कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ मध्ये गणितात मांडलं होतं, पण ते चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये सहज बसेल असं रूप शार्का सोखोरोवा आणि ओंद्रेय यामरिश्का यांनी २०२१ मध्ये दिलं. रिबेल या सॉफ्टवेअरमध्ये ते वापरता येतं. तुमच्याकडे ते नसेल तर पिवळसर आयाळ निळ्या सावलीत उतरते तिथे हिरवट तपकिरी छटा हाताने निवडून ठेवा. एवढ्यानेही सावलीतला राखाडी मळ जातो.

रेघ सरळ करणारा ‘स्टॅबिलायझर’ शिंगांच्या कडेसाठी ठीक आहे. आयाळीला तो बंद. टॅब्लेट सेकंदाला साधारण २०० वेळा पेनची जागा कळवतो. हात सेकंदाला ४० सेंटिमीटर धावला तर दोन नोंदींत २ मिलिमीटरचं अंतर पडतं आणि मधला वक्र सॉफ्टवेअर जुळवून घेतं. एवढं जुळवणं पुरेसं असतं. त्यावर आणखी सरासरी लादली की फटकाऱ्याच्या शेवटी हाताने दिलेला झटका गुळगुळीत होऊन निघून जातो. मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवावा आणि कॅनव्हास वळवत राहावा, म्हणजे प्रत्येक झुबका हाताच्या सोयीच्या दिशेने येतो.

डोळ्यातली चमक सगळ्यात शेवटी. एकच ठसा, कडक टोकाचा, बुबुळाच्या व्यासाच्या सहाव्या भागाएवढा, उजेडाच्या बाजूला, बाहुलीच्या कडेवर थोडा चढलेला. दाबाला आकार बांधलेला असेल तर त्या ठशापुरता तो काढून टाका. नाहीतर पेन नुसतं टेकवल्यावर ३० टक्क्यांचा कसाबसा ठिपका उमटतो, आणि शरभ झोपाळू दिसतो.