वाड्यातला गबलावी आणि बेपत्ता झाबलावी

इजिप्तचे कादंबरीकार नगीब महफूज यांच्या साहित्यात गबलावी आणि झाबलावी अशी यमक जुळणारी दोन नावे भेटतात, आणि दोघांनाही ईश्वराचे रूपक मानले जात असल्यामुळे वाचकाच्या मनात ती सहज एकमेकांत मिसळून जातात. हा घोटाळा दोन्ही कृतींवर अन्याय करणारा आहे, असे मला मनापासून वाटते.

गबलावी हा ‘अवलाद हारतिना’ (आमच्या गल्लीतली मुले) या कादंबरीतला मूळपुरुष. ही कादंबरी १९५९ मध्ये ‘अल अहराम’ दैनिकात क्रमशः आली. अल अझहर या कैरोतल्या इस्लामी धर्मपीठाच्या विरोधामुळे ती पुस्तकरूपाने १९६७ मध्ये बैरूतला निघाली आणि इजिप्तमध्ये छापली जायला २००६ साल उजाडले. कैरोजवळच्या वाळवंटाच्या कडेला गबलावीचा वाडा आहे, वक्फ त्यानेच स्थापन केला आहे, आणि त्याच्या अटींचा दस्तऐवज चोरून पाहू गेलेल्या अदहम या मुलाला त्याने कायमचे घराबाहेर काढले आहे. तो कुठे राहतो हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच्या दारात उभे राहून लोक दाद मागतात, परंतु दार उघडत नाही आणि वक्फचे उत्पन्न नाझर (वक्फचा व्यवस्थापक) व गुंड गिळत राहतात. गबल, रिफाआ आणि कासिम या वंशजांमध्ये मूसा, ईसा आणि मुहंमद पैगंबर यांच्या छाया दिसतात, आणि तिघांचाही झगडा अखेर गबलावीच्याच वारशाच्या न्याय्य वाटणीकडे येतो. पुढे अरफा हा जादूविद्या जाणणारा माणूस चोरवाटेने वाड्यात शिरतो, एका वृद्ध सेवकाचा जीव घेतो, आणि त्या धक्क्याने गबलावी मरतो. हा ईश्वर नसून माणसांनी केलेली ईश्वराची एक कल्पना आहे, असे महफूज सांगत असत.

झाबलावी मुळात कुलपुरुषच नाही. त्याच्याच नावाच्या लघुकथेत तो एक वली, म्हणजे मुस्लिम संत आहे, ज्याला ना वाडा आहे ना वंशज. असाध्य दुखण्याने त्रासलेला निवेदक त्याचा माग काढत वकिलाकडे, सुलेखनकाराकडे, संगीतकाराकडे आणि शेवटी एका दारूच्या गुत्त्यात पोहोचतो. तिथे दारूच्या अमलात झोप लागून त्याला एका रम्य बागेचे स्वप्न पडते. जागा होतो तेव्हा डोके ओले असते. झाबलावी येऊन त्याच्या उशाशी बसला होता, त्याने डोक्यावर पाणी शिंपडले होते आणि तो निघूनही गेला होता. निवेदक धावत बाहेर पडतो, पण तो सापडत नाही. तरीही त्याला शोधायचेच, हा त्याचा निश्चय कायम राहतो.