चाकू नसलेला चाकू आणि आप्पांची बशी

आप्पांनी परवा कुटुंबाच्या ग्रुपवरचा मेसेज मला पाठवला: ‘कंपवातावर गॅमा नाइफ! चिरफाड नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी!’ खाली विचारलं होतं, ‘करू का रे?’

आप्पांचा उजवा हात 12 वर्षं थरथरतोय, पण तो कंपवात, म्हणजे पार्किन्सन, नव्हे. पार्किन्सनमध्ये हात मांडीवर निवांत पडलेला असतानाच जास्त थरथरतो. आप्पांचा हात कप उचलला की थरथरायला लागतो. कप ओठांशी पोचेपर्यंत अर्धा चहा बशीत. याला इसेन्शिअल ट्रेमर म्हणतात. मनगटात तांब्याचं कडं आहेच. ते कपावर वाजतं, एवढाच त्याचा परिणाम.

मेंदूत खोलवर थॅलॅमस आहे आणि त्यात व्हिम नावाचा काही मिलिमीटरचा पुंजका. लहान मेंदूकडून हालचालींच्या केंद्राकडे जाणारे संदेश इथून पुढे जातात, आणि थरथरीचा ताल याच वाटेनं फिरत राहतो. ती वाट एका जागी तोडली की हात शांत होतो. प्रश्न एवढाच, की कवटी न उघडता तिथे पोचायचं कसं?

उत्तर दिलं स्वीडनचे मेंदूचे सर्जन लार्स लेक्सेल यांनी. ‘रेडिओसर्जरी’, म्हणजे किरणांनी केलेली शस्त्रक्रिया, हा शब्द त्यांनी 1951 साली वापरला आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये पहिलं गॅमा नाइफ, म्हणजे गॅमा किरणांचं यंत्र, उभं राहिलं. गंमत अशी, की आज ट्यूमरसाठी ओळखलं जाणारं हे यंत्र तेव्हा वेदना आणि कंपासारख्या त्रासांसाठीच बांधलं होतं.

मंडईचा चौक डोळ्यांपुढे आणा. 192 गल्ल्या एकाच चौकात मिळतात. प्रत्येक गल्लीतून एकेकच माणूस येतोय, त्यामुळे गल्लीत कुणाला धक्का नाही; चौकात मात्र चेंगराचेंगरी. नव्या यंत्रांत गॅमा किरण सोडणाऱ्या कोबाल्ट-60 चे असे 192 स्रोत असतात. एकेक किरण दुबळा, वाटेतल्या पेशींना फारसा त्रास न देणारा. जिथे सगळे भेटतात तिथे मात्र 130 ते 140 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). संपूर्ण शरीराला एकदम 4-5 ग्रे मिळाले तर माणूस दगावू शकतो. इथे त्याच्या कितीतरी पट मात्रा, पण वाटाण्याहून लहान जागेत. केंद्रापासून तीनेक मिलिमीटर सरकलं की ती निम्मी होते.

आता निम्मी म्हणजेही 65 ग्रे! व्हिमच्या बाहेरच्या अंगाला हातापायांच्या हालचालींच्या तारांचा जाड जुडगा आहे, मागच्या अंगाला स्पर्शाचं केंद्र. त्यातून व्हिम साध्या एमआरआयवर वेगळा दिसत नाही. मेंदूतल्या दोन ठळक खुणांपासून मोजमाप करून त्याची जागा ठरवावी लागते. डोक्याला चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली चौकट लागते ती या हिशेबासाठी. (‘चिरफाड नाही’ म्हणणाऱ्या मेसेजात हे स्क्रू नसतात.)

दुसरा पर्याय डीबीएस, म्हणजे मेंदूत तार बसवून वीजसंकेत देणं. तिथे रुग्ण जागा असेल तर प्रवाह सोडून हात थांबतो का, जीभ जड होते का, ते तिथल्या तिथे बघता येतं. पुढेही प्रवाह कमी-जास्त करता येतो. तिसरा पर्याय केंद्रित अल्ट्रासाउंड, म्हणजे ध्वनिलहरी एका जागी एकवटणं; त्यात आधी जागा हलकी तापवून चाचणी घेतात. गॅमा किरणांत अशी चाचणी नाही. किरणं पेशी जाळत नाहीत. पेशींचा डीएनए आणि बारीक रक्तवाहिन्या बिघडवतात, आणि ती जागा हळूहळू मरते. आठवडे, महिने, कधी वर्ष जातं. जखम अपेक्षेपेक्षा मोठी झाली तर अर्ध्या अंगात अशक्तपणा, बधिरपणा किंवा बोलण्यात अडखळ येऊ शकते. हे काही थोड्याच रुग्णांत होतं, पण कुणाच्या बाबतीत होईल हे आधी सांगता येत नाही आणि झालेली जखम पुसता येत नाही. म्हणून सहसा मेंदूच्या एकाच बाजूला हात घालतात. पार्किन्सनमध्ये थरथर कमी होऊ शकते. ताठरपणा आणि मंदावलेली चाल याने सुटत नाही.

मग हे करावं कुणी? आप्पा 78 वर्षांचे. हृदयात स्टेंट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. कवटीला भोक पाडायचं तर गोळ्या थांबवाव्या लागणार, आणि त्यात वेगळाच धोका. थरथरीवरच्या औषधांनी ती आवरत नसेल तर अशा माणसासाठी गॅमा नाइफ खरोखर विचार करण्याजोगं आहे. मी तसं कळवलं, आणि ‘संध्याकाळी घरी’चा अर्थही सांगितला: संध्याकाळी घरी, पण थरथर हातातच.

आप्पांचं उत्तर आलं, ‘म्हणजे दिवाळीपर्यंत बशीच.’