कान्कू (क्योकुशिन कराटेचे प्रतीकचिन्ह)

कान्कू हे क्योकुशिन कराटेचे प्रतीकचिन्ह. मासुतात्सु ओयामा (१९२३–१९९४) यांनी घडवलेल्या या शैलीची संघटना १९६४ मध्ये टोकियोत स्थापन झाली. गणवेशावर छातीला डावीकडे उभ्या ओळीत शैलीचे नाव जपानी अक्षरांत असते आणि कान्कू सहसा बाहीवर. नवखे विद्यार्थी या दोन्हींना एकच ‘लोगो’ समजतात, पण त्यांचा उगम वेगळा आहे.

लांबून पाहिले तर कान्कू फुलासारखे किंवा सूर्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ती दोन हातांची आकृती आहे. कान्कू याच नावाच्या काताच्या (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम) सुरुवातीला हात वर नेऊन त्यांच्यामधल्या फटीतून आकाशाकडे पाहतात. नावाचा अर्थही तोच. हा काता ओकिनावातील कुशान्कू काताचे रूप आहे. शोतोकान या कराटे शैलीचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी त्याला कान्कू हे नाव दिले. ओयामा काही काळ त्यांच्याकडे शिकले होते.

चिन्हाची टोके म्हणजे बोटे. त्यांतून परमोच्च बिंदू सूचित होतो. जाड भाग म्हणजे मनगटे, म्हणजेच बळ. मधली मोकळी जागा अनंताची, खोलीची. या सर्वांना वेढणारे वर्तुळ सातत्य आणि वर्तुळाकार हालचाल दाखवते. यांतले वर्तुळ सर्वांत महत्त्वाचे, कारण ओयामांच्या शिकवणीत हालचालीचा पाया बिंदू आणि वर्तुळ हाच असून सरळ रेषा त्यांच्यामागून येते. ‘मावाशी उके’ या दोन्ही हात फिरवून करायच्या बचावात हे तत्त्व थेट दिसते.

काताची सुरुवात अशी: पाय खांद्याएवढ्या अंतरावर, हात ओटीपोटासमोर. दोन्ही तर्जन्यांची आणि आंगठ्यांची टोके जुळवून मध्ये फट ठेवायची. हात सावकाश वर न्यायचे. ते कपाळाच्या वर गेले की नजर फटीतून आकाशाकडे जाते. मग हात झटक्यात अलग होतात, दोन्ही बाजूंनी मोठे वर्तुळ काढत खाली येतात आणि उजव्या तळहाताची कड डाव्या तळहातावर टेकते.

इथे चुका ठरलेल्या. हात खांद्यांच्या जोरावर उचलले की खांदे कानांशी चढतात आणि श्वास अडकतो. मान आधीच मागे टाकली तर वजन टाचांवर जाऊन तोल ढळतो. नजर बोटांवरच थांबली तर फटीला अर्थ उरत नाही. उतरताना कोपरे वाकली की वर्तुळ चपटे होते.

बहुतेक संघटनांत हा काता काळ्या पट्ट्यानंतर शिकवतात. त्यामुळे विद्यार्थी बरीच वर्षे चिन्ह अंगावर वागवतो आणि त्याची मूळ हालचाल पुष्कळ उशिरा करतो. प्रशिक्षकांनी निदान सुरुवातीची मुद्रा तरी आधी दाखवावी. चिन्ह समजावण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे.

बिल्ल्यावर भरतकाम करताना धाग्याच्या जाडीमुळे टोके बोथट होतात आणि मधली जागा आक्रसते. आकार फार लहान ठेवला तर बोटे आणि मनगटे यांतला फरकच नाहीसा होतो.

ओयामांच्या निधनानंतर संघटना फुटली. अनेक गटांनी कान्कू कायम ठेवले. २००३ मध्ये शिनक्योकुशिनकाई हे नाव घेतलेल्या गटाचे चिन्ह मात्र वेगळे आहे.