गेनचा कान किती पिळायचा?

घरी रेकॉर्डिंग करायला बसलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: आवाज बारीक येतो. मग ऑडिओ इंटरफेसवरचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवरचा, गेनचा (आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारा) नॉब शेवटपर्यंत पिळला जातो. आवाज वाढतो खरा, पण त्याच्यामागे 'सूंऽऽ' अशी संततधारही लागते. कोणीतरी सांगतं, माइकला बूस्टर लाव. तो घ्यावा की नाही, हे ठरवायला त्या सूंकाराचं मूळ शोधावं लागतं.

डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत हलतं. या हालचालीतून जी वीज निघते, तेवढीच माइकची कमाई. पॉडकास्टवाल्यांचा लाडका शुअर एसएम७बी घ्या. ९४ डेसिबल, म्हणजे चांगल्यापैकी मोठा आवाज त्याच्यावर पडला, तर तो १.१२ मिलिव्होल्ट देतो. वीतभर अंतरावरून आपण नेहमीसारखं बोललो तर माइकपाशी साधारण ७४ डेसिबल पोचतात आणि हाती लागतो मिलिव्होल्टचा दहावा भाग. स्टुडिओतल्या यंत्रांची नेहमीची पातळी असते १.२३ व्होल्ट. म्हणूनच ६० डेसिबल, म्हणजे हजार पट, किंवा त्याहूनही जास्त वाढ ही असल्या माइकांच्या बाबतीत रोजचीच गोष्ट आहे. कंडेन्सर माइकच्या पोटातच छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे तो वीसेक पट जास्त वीज देतो. त्याला हा त्रास सहसा नसतो.

आता सूंकाराकडे. जे. बी. जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलं की कुठल्याही रोधात, त्याच्या तापमानामुळेच, इलेक्ट्रॉन अस्वस्थ असतात आणि त्या चुळबुळीतून बारीकशी वीज सतत निर्माण होते. १५० ओहम रोधाचा माइक खोलीच्या तापमानाला, ऐकू येणाऱ्या साऱ्या पट्ट्यात मिळून सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट इतकी कुजबुज करतो. ही निसर्गाची पट्टी आहे, सूंकार तिच्याखाली जाऊच शकत नाही. माइक बर्फात ठेवला तरी तिच्यात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही, आणि कितीही महाग यंत्र आणलं तरी ती ओलांडता येत नाही.

या कुजबुजीत ॲम्प्लिफायर आपली भर घालतो. त्यातही पहिल्या टप्प्याची भर सगळ्यात महागात पडते, कारण पुढचे सगळे टप्पे ती मूळ आवाजाबरोबरच वाढवत नेतात. हॅरल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये रेडिओसाठी हे सूत्रात मांडलं, पण ते माइकलाही तितकंच लागू आहे. पहिला टप्पा स्वच्छ आणि दमदार असेल, तर मागच्यांच्या खोड्या झाकल्या जातात.

बूस्टरचं सगळं मर्म एवढंच. माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये बसणारी ही डबी कमी खरखरीच्या ट्रान्झिस्टरांनी आवाज आधीच वाढवून देते. क्लाउडलिफ्टर २५ डेसिबल वाढवतो, फेटहेड साधारण २७. क्लार्क टेक्निकचा स्वस्तातला सीटी१ हेच काम करतो. यांना बॅटरी लागत नाही, इंटरफेसकडून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर ते चालतात. (हा ४८ चा आकडा आला कुठून, तर १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीकडे आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, आणि न्यूमन या जर्मन माइक कंपनीने त्यांच्यासाठीचे माइक तिच्यावर चालवले.) बहुतेक बूस्टर फँटम पॉवर स्वतःच खातात, माइकपर्यंत पोचू देत नाहीत. कंडेन्सर माइकही याच पॉवरवर चालतो, त्यामुळे त्याला असा बूस्टर लावला तर माइक मुकाच राहील. यूएसबी माइकला तर तो जोडताच येत नाही.

पण बूस्टरने फायदा किती होतो? इंटरफेसच्या माहितीपत्रकात ई.आय.एन. नावाचा एक उणे आकडा असतो, तो शोधा. इंटरफेसची स्वतःची खरखर किती ते तो सांगतो; जितका जास्त उणे, तितकी खरखर कमी. १५० ओहमच्या माइकसाठी निसर्गाची पट्टी आहे उणे १३१ डीबीयूच्या (व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप) आसपास. चांगले इंटरफेस उणे १२८ च्या घरात असतात. म्हणजे सुधारायला उरले किती, तर जेमतेम तीन डेसिबल, जे कानाला धड जाणवणारही नाहीत. (उत्पादक बरेचदा कानाला धार्जिणं मोजमाप वापरतात, त्यात आकडा दोनेक डेसिबलने गोरागोमटा दिसतो. तुलना करताना दोन्हींचं माप एकच आहे ना, ते बघा.) याउलट जुन्या किंवा अगदी साध्या इंटरफेसचा आकडा उणे ११८ असेल, तर बूस्टर दहाएक डेसिबलची खरी सुटका करू शकतो. काही यंत्रांत खरखर नॉबच्या शेवटच्या टप्प्यातच उसळते, तिथेही तो कामाला येतो. आणि कधी मुळात गेनच अपुरा असतो. स्कार्लेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत तो ५६ डेसिबल होता, चौथ्या पिढीत ६९ झाला. इंटरफेस तसाही बदलायचाच असेल, तर बूस्टरवर वेगळा खर्च करणं मला पटत नाही.

त्याआधी फुकटातला बूस्टर वापरून बघा. वीतभर अंतरावरचा माइक तोंडापासून चार बोटांवर आणा. अंतर एक तृतीयांश झालं की पातळी तिप्पट होते, म्हणजे साडेनऊ डेसिबल वाढ, आणि तीही एका इलेक्ट्रॉनची जादा चुळबुळ न होता. पंख्याचा, रस्त्याचा आवाज मात्र होता तिथेच राहतो. हे कुठल्याच डबीला जमत नाही, ती पंख्यालाही तितक्याच इमानाने वाढवते. जवळ गेल्यावर आवाजाला खर्ज चढतो आणि 'प', 'फ' फुटतात. त्यासाठी पॉप फिल्टर लावावा, माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरावा.

रेकॉर्डिंगची पट्टी लाल टोकापर्यंत चढायलाच हवी, हा टेपच्या काळचा आग्रहही आता सोडून द्यायला हरकत नाही. २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शिखरं, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, पट्टीवर उणे १२ किंवा उणे १८ डेसिबलवर राहिली तरी काही बिघडत नाही. उरलेली वाढ नंतर सॉफ्टवेअरमध्ये करा. खरखर त्यातही वाढेल, पण मूळ प्रमाणातच.

एवढं करूनही सूंकार राहिला, तर एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या, सुट्या प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा एक रेझिस्टर डाखवून घ्या. फँटम पॉवर बंद ठेवा, गेन नेहमीच्या जागी असू द्या, आणि माइकऐवजी हा प्लग लावून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग माइक लावून, शांत बसून तेवढंच रेकॉर्ड करा. दोन्हींमध्ये सूंकार सारखाच असेल, तर तो खोलीतून येत नाही, आणि इंटरफेसचा ई.आय.एन. आकडा कमकुवत असेल तर बूस्टरचा विचार करता येईल. माइकवाल्या रेकॉर्डिंगमध्ये तो जास्त असेल, तर आधी उठून पंखा बंद करा.