‘बायोडिग्रेडेबल’ साबणही टाक्यात चालत नाही

पुण्याहून राजगड-तोरण्याला मुक्कामी जाणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: साबण बायोडिग्रेडेबल, म्हणजे निसर्गात कुजून मोडणारा, असला की गडावरच्या टाक्याशी, म्हणजे कातळात खोदलेल्या पाणसाठ्याशी बसून खुशाल आंघोळ करावी, तो पाण्यात आपोआप विरतो. हे खरं नाही.

असा साबण मोडतात ते जिवाणू, आणि ते मुबलक असतात मातीत. पाण्यात हे काम रेंगाळतं. तोवर मळ सोडवणारा तोच घटक माशांच्या कल्ल्यांना, बेडूकमाशांना इजा करतो. शिवाय टाकं म्हणजे वाहती नदी नव्हे. पावसाळ्यात भरलेलं पाणी लोक पुढे कित्येक महिने पितात. कातळाच्या कडेला साबणाची पांढरी, बुळबुळीत रेघ मी पाहिली आहे, आणि तिथून दोन हातांवर कुणीतरी त्याच पाण्यात बाटली बुडवत होतं. फार वाईट वाटलं.

मग करायचं काय? पातेल्यात लिटरभर पाणी घ्या आणि टाक्यापासून ६०-७० मीटर, म्हणजे ८०-९० पावलं लांब जा. पंचा भिजवून आधी चेहरा-मान, मग काखा, जांघा, शेवटी पाय. एवढं पुसलं तर अंगाला साबण बहुधा लागतच नाही. पाय मात्र बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. ओल राहिली की तिथेच बुरशी धरते. उरलेलं पाणी मातीत मुरू द्या.

शौचानंतर हातांना साबण हवाच, पण तोही तिथेच लांब. मळक्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. शौचाचा खड्डा वीतभर खोल, आणि तोही टाक्यापासून ६०-७० मीटर लांब. वेट वाइप्स पुरू नका, त्यांत बहुधा प्लॅस्टिकचे धागे असतात. पिशवीत भरून खाली आणा.